सही तुमची, जबाबदारीही तुमची : मैदानात आणि निवडणुकीत जिंकण्याचा ताण कसा पेलाल?

विद्यापीठ स्पर्धांचा मोसम जवळ आला की वाचकांचे काही प्रश्न हमखास येतात. ‘सरांनी दिलेली पावडर घेऊ का? नाही म्हटलं तर संघातून नाव कटेल.’ ‘गटात बसायला दोन दिवसांत चार किलो उतरवायचेत, काय करू?’ याच वयाच्या, पण निवडणुकीच्या वाटेने निघालेल्या मुलामुलींचे प्रश्न असे असतात : ‘पॅनेलचा खर्च माझ्या नावावर दाखवणार म्हणतात, चालतं का?’ ‘अर्ज मागे घे म्हणून घरी माणसं येऊन बसतात, वडील घाबरलेत.’

हे सगळे प्रश्न या लेखात एकत्र घेतले आहेत, कारण त्यांचे उत्तर एकाच नियमाकडे जाते. मैदानात काय किंवा निवडणुकीत काय, सल्ला देणारे, पैसे लावणारे आणि घाई करणारे अनेक जण असतात. कागदावर सही मात्र तुमची एकट्याची असते. उत्तेजक चाचणीच्या फॉर्मवर तुमचे नाव, निवडणूक खर्चाच्या हिशेबावरही तुमचेच. म्हणून जिंकण्यासाठी कुठपर्यंत जायचे, हे स्पर्धेआधी, डोके शांत असताना तुम्हीच ठरवायला हवे. ऐन वेळी ठरवायला गेलात, तर तुमच्या वतीने दुसराच कोणीतरी ठरवून मोकळा होतो.

आधी हे तीन निर्णय वहीत लिहा

मोसमाच्या किंवा प्रचाराच्या सुरुवातीला एका पानावर पुढील तीन गोष्टी तारखेसह लिहून ठेवा :

- मी काय करणार नाही. उदाहरणार्थ : डॉक्टरांना न दाखवता कोणतेही औषध किंवा इंजेक्शन घेणार नाही, पावती नसलेला खर्च करणार नाही, कर्ज काढून प्रचार करणार नाही.
- दबाव आला तर मी कोणाला फोन करणार. हा माणूस संघाबाहेरचा, पॅनेलबाहेरचा असावा. तुमच्या जिंकण्या-हरण्यात त्याचा काही फायदा नसावा.
- हरलो तर पुढचे सहा महिने काय. परीक्षा, नोकरीचा अर्ज, पुढची स्पर्धा, जे असेल ते. हरल्यानंतरचा रस्ता डोळ्यांसमोर असला की ‘काहीही करून जिंकायचंच’ ही भाषा आपोआप सौम्य होते.

हे पान आईवडिलांना किंवा जवळच्या मित्राला दाखवा. दुसऱ्या कोणी वाचलेला शब्द मोडणे अवघड जाते.

मैदानात : पावडर, गोळी, इंजेक्शन

राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था म्हणजे ‘नाडा’. तिचे पथक फक्त ऑलिंपिकच्या खेळाडूंकडेच येते, असा समज अजूनही दिसतो. तो सोडून द्या. राज्य आणि विद्यापीठ पातळीच्या स्पर्धांमध्येही नमुने घेतले जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली राज्य मैदानी स्पर्धेत नाडाचे पथक आल्याचे कळताच अनेक धावपटू गायब झाले आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम फेरीत एकच जण धावला. पळून जाणाऱ्यांना वाटले असेल, चाचणी टळली. पण कळवल्यानंतर चाचणी टाळणे किंवा नाकारणे हाही नियमभंगच आहे आणि त्याला चार वर्षांपर्यंत बंदी होऊ शकते.

इथला मूळ नियम नीट समजून घ्या. निषिद्ध द्रव्य तुमच्या शरीरात सापडले की जबाबदारी तुमची. ‘मला माहीत नव्हतं’, ‘प्रशिक्षकांनी दिलं’ एवढ्याने सुटका होत नाही. ते द्रव्य शरीरात कसे आले, हे पुराव्यानिशी तुम्हालाच दाखवावे लागते. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव यांचे २०१६ चे प्रकरण आठवा. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर त्यांच्या नमुन्यात स्टेरॉइड सापडले. आपल्या खाण्यात कोणीतरी ते मिसळले, हे त्यांचे म्हणणे नाडाच्या समितीने मान्य केले. पण जागतिक संस्था ‘वाडा’ने क्रीडा लवादाकडे दाद मागितली. लवादाला घातपाताचा पुरावा पुरेसा वाटला नाही आणि लढतीच्या अगदी आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी लागली. एवढ्या मोठ्या पैलवानाला पुरावा उभा करणे जड गेले, मग विद्यापीठाच्या खेळाडूचे काय होईल याचा विचार करा.

काय कराल :

1. डॉक्टरकडे गेल्यावर पहिले वाक्य हेच : ‘मी स्पर्धात्मक खेळाडू आहे, माझी उत्तेजक चाचणी होऊ शकते.’ सर्दीच्या काही गोळ्यांमधले स्यूडोएफेड्रिन स्पर्धाकाळात ठरावीक प्रमाणापलीकडे सापडले, तर ते निषिद्ध ठरते.
2. गोळीचे नाव नाडाकडे उपलब्ध असलेल्या औषध तपासणीच्या सोयीवर पाहा. निषिद्ध यादी दर वर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते. मागच्या वर्षी चालत होते, म्हणून या वर्षी चालेलच असे नाही.
3. दमा, मधुमेह यांसारख्या आजारासाठी निषिद्ध औषध खरोखरच लागत असेल, तर उपचारासाठीची सूट मागता येते. ती शक्यतो स्पर्धेच्या बऱ्याच आधी मागा.
4. पूरक आहाराचा डबा घेतलाच, तर पक्के बिल घ्या, बॅच क्रमांकाचा फोटो काढा आणि तळाशी थोडी पावडर राखून ठेवा. डबा दूषित होता असे सिद्ध करता आले, तर शिक्षा कमी होऊ शकते. बिल आणि डबा दोन्ही नसतील तर सिद्ध करायला हाताशी काही उरत नाही.
5. ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘आयुर्वेदिक’ हे शब्द म्हणजे हमी नव्हे. जिममध्ये सुटी विकली जाणारी पावडर आणि बिनलेबलची पुडी यांना हात लावू नका.

सलाईनबद्दल खास सूचना. वजन झाल्यावर तरतरी यावी म्हणून सलाईन लावून घेण्याची सवय अनेक तालमींत आहे. बारा तासांत १०० मिलीलीटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणे निषिद्ध आहे, मग त्यात साधे मीठ-पाणी का असेना. रुग्णालयातील उपचार, शस्त्रक्रिया किंवा वैद्यकीय तपासणीसाठी लागले तरच ते चालते. नेहमीची बाटली ५०० मिलीलीटरची असते, हे लक्षात घ्या.

चाचणीचे बोलावणे आले तर तुमचे हक्क

घाबरून सही करून मोकळे होऊ नका. तुम्हाला हे सगळे मागता येते :

- अधिकाऱ्याचे ओळखपत्र पाहणे.
- सोबत एक प्रतिनिधी नेणे. अठरा वर्षांखालील खेळाडूने मोठ्या माणसाशिवाय जाऊच नये.
- पदक समारंभ, पुढची शर्यत किंवा प्रथमोपचार यासाठी वेळ मागणे. तोवर पथकाचा माणूस तुमच्याबरोबर राहील.
- अनेक संचांमधून स्वतः एक निवडणे, त्याचे सील तपासणे आणि ‘ए’ व ‘बी’ बाटल्यांवरचे क्रमांक फॉर्मवरच्या क्रमांकांशी जुळवून पाहणे.
- अलीकडे घेतलेली सर्व औषधे आणि पूरक आहार फॉर्मवर लिहिणे. काही लपवू नका; नंतर हीच नोंद तुमच्या बाजूने बोलते.
- काही खटकले तर शेऱ्याच्या रकान्यात तसे लिहिणे आणि फॉर्मची प्रत घेणे.
- ‘ए’ नमुना सदोष निघाल्यास ‘बी’ नमुना तपासण्याची मागणी करणे, सुनावणीत बाजू मांडणे आणि अपील करणे.

आणखी एक. खेळाडूला निषिद्ध द्रव्य देणारा प्रशिक्षक स्वतःही दोषी असतो आणि त्याच्यावरची बंदी आजन्मही असू शकते. दबाव येत असेल तर नाडाकडे गोपनीय तक्रार करता येते.

वजनाचा काटा : इथे जिवाशी गाठ आहे

कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, वेटलिफ्टिंग खेळणाऱ्यांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस अवघ्या काही आठवड्यांत तीन महाविद्यालयीन पैलवान वजन उतरवताना मरण पावले. रबरी कपडे घालून तापलेल्या खोलीत व्यायाम करणे आणि पाणी तोडणे हीच त्यांची पद्धत होती. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने रबरी सूट, सौना आणि लघवी वाढवणारी औषधे बंद केली, आणि मोसमाच्या सुरुवातीलाच शरीरातील पाण्याचे प्रमाण तपासून किमान वजनगट ठरवण्याची पद्धत आणली.

आपल्याकडे ‘आदल्या संध्याकाळी वजन द्यायचे, रात्रभर खाऊन-पिऊन सकाळी खेळायचे’ हे गणित अजून सांगितले जाते. आंतरराष्ट्रीय कुस्तीत ते आता चालत नाही. वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी होते आणि लढती दोन दिवस चालल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा होते. ऑगस्ट २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट यांचे वजन याच दुसऱ्या सकाळी ५० किलोच्या मर्यादेपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम फेरी गाठूनही त्या अपात्र ठरल्या. रात्रभर न झोपता, न जेवता व्यायाम केल्यावरची ही गोष्ट आहे.

तुमच्यासाठी सरळ नियम :

- गट मोसमाच्या सुरुवातीला, डॉक्टरांशी बोलून ठरवा. स्पर्धेच्या आठवड्यात गट बदलू नका.
- आठवड्याला अर्धा ते एक किलो या वेगापेक्षा घाई नको.
- चक्कर येणे, छातीत धडधडणे, लघवी फार कमी किंवा गडद होणे, मुलींची पाळी थांबणे, यांपैकी काहीही दिसले की वजन उतरवणे त्याच क्षणी थांबवा आणि डॉक्टर गाठा.
- लघवी वाढवणाऱ्या गोळ्या जिवाला धोका करतात आणि निषिद्ध यादीतही आहेत.
- गटात बसत नसाल तर वरच्या गटात खेळा. वरच्या गटातला पराभव पुढच्या वर्षी भरून काढता येतो. निकामी झालेली किडनी भरून येत नाही.

दुखापत घेऊन खेळण्याचा आग्रह झाला तर

कबड्डीच्या पकडीत किंवा फुटबॉलमध्ये डोक्याला मार लागला आणि मळमळ, गोंधळल्यासारखे वाटणे, प्रकाश सहन न होणे, काही क्षणांचे न आठवणे असे काही झाले, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचे नाही. सामना अंतिम असला तरी नाही. हा निर्णय प्रशिक्षकावर किंवा कर्णधारावर सोडू नका, कारण त्या क्षणी त्यांची नजर गुणफलकावर असते. ‘एक इंजेक्शन मारू, खेळ’ असे कोणी म्हटले तर त्यात काय आहे ते विचारा. स्टेरॉइडचे वेदनाशामक इंजेक्शन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे.

निवड, परीक्षा आणि छळ : कुठे दाद मागाल?

- संघनिवड : निवड चाचणीचे निकष आणि तारीख शारीरिक शिक्षण संचालकांकडून लेखी मागा. निवड डावलली असे वाटल्यास आधी प्राचार्यांकडे आणि नंतर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार ही समिती असणे बंधनकारक आहे आणि तिच्या वर लोकपालांकडे अपील करता येते.
- परीक्षा : सामना आणि पेपर एकाच दिवशी येत असतील, तर स्पर्धेला निघण्यापूर्वी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी ‘बघू, करून देऊ’ वर विसंबून राहू नका. सवलतीच्या गुणांची आणि फेरपरीक्षेची सोय विद्यापीठागणिक वेगळी असते.
- लैंगिक छळ : २०१३ च्या कायद्यात क्रीडा संस्था आणि स्टेडियमही येतात. महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीकडे साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या. संघात घेण्याच्या बदल्यात काही मागणे, रात्री-अपरात्रीचे संदेश, ‘फिटनेस’च्या नावाखाली नको असलेला स्पर्श हे सगळे तक्रारीत येते. संदेश पुसून टाकू नका.
- प्रमाणपत्र : सरकारी नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते. न खेळलेल्या स्पर्धेचे प्रमाणपत्र विकत देणारे भेटतील. ते घेतलेत तर नोकरी लागल्यानंतरही ती जाऊ शकते, फौजदारी गुन्हा वेगळाच.

निवडणुकीत : अर्ज भरण्याआधी

महाराष्ट्रात महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका हिंसाचारामुळे १९९० च्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, पण त्या सर्वत्र नियमित होत नाहीत. म्हणून आधी तुमच्या विद्यापीठाचे चालू परिपत्रक पाहा. दिल्लीसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या मराठी मुलांना मात्र या निवडणुका दर वर्षी समोर दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये लागू केलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी हा देशभरातला पाया आहे. त्यातले नेमके एवढे लक्षात ठेवा :

- पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वय १७ ते २२.
- किमान ७५ टक्के हजेरी. त्या वर्षी विषय राहिलेला नसावा.
- पदाधिकारी होण्यासाठी एकच संधी, कार्यकारिणी सदस्यासाठी दोन.
- प्रत्येक उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५,००० रुपये. राजकीय पक्षाचा पैसा चालत नाही.
- छापील पोस्टर नाही, हाताने केलेलेच, तेही ठरलेल्या जागी.
- निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब. निकालाविरुद्धची तक्रार तीन आठवड्यांत.

पोस्टरचा नियम किरकोळ वाटतो. २०२४ मध्ये दिल्ली विद्यापीठात २७ सप्टेंबरला मतदान झाले, पण भिंती रंगवून विद्रूप केल्यामुळे उच्च न्यायालयाने मतमोजणी थांबवली. सफाई झाल्यावर निकाल लागला तो २५ नोव्हेंबरला. समर्थकांच्या उत्साहापायी सगळ्याच उमेदवारांना दोन महिने ताटकळावे लागले.

गावच्या निवडणुकीत उतरत असाल तर

एकवीस वर्षे पूर्ण झाली की ग्रामपंचायतीला उभे राहता येते, आणि महाविद्यालय संपता संपता अनेक जण उभे राहतात. इथे ताण भावकीचा, गटाचा आणि पैशाचा असतो.

1. खर्चाची वही स्वतः लिहा. पहिल्या चहापासून सुरुवात करा : तारीख, कोणाला, किती, कशासाठी, पावती क्रमांक. वही पॅनेलप्रमुखाकडे देऊ नका. हिशेब निकालानंतर ३० दिवसांत सादर करायचा असतो. निवडून आलेल्यांनी आणि पडलेल्यांनीही. तो न दिल्यास पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरू शकता.
2. न केलेल्या खर्चावर सही करू नका. ‘फक्त सही कर, बाकी आम्ही बघतो’ हे वाक्य ऐकले की थांबा. अडचण आल्यावर ‘आम्ही’ कुठेच नसतात.
3. कर्ज, गहाण, जमीन विक्री नको. पैसे परत मिळवायचे या विचाराने पदावर बसलेला माणूस पहिल्या दिवसापासूनच अडकलेला असतो.
4. बिनविरोधची बोली लागली तर बाहेर पडा. गावाने समजुतीने एकमत करणे वेगळे आणि पदाचा लिलाव करणे वेगळे. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये अशा लिलावामुळे रद्द केल्या. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती आणि पैसा मंदिरासाठी आहे असे सांगितले गेले. कारण कितीही चांगले असले, तरी मतदाराचा हक्क विकला जातो.
5. माघारीसाठी धमकी किंवा पैसे आले तर तारीख, वेळ, माणसे यांची नोंद करा आणि निवडणूक निर्णय अधिकारी व पोलीस ठाणे दोन्हीकडे लेखी द्या. पोच घेतल्याशिवाय परतू नका.
6. महिला उमेदवारांनो, स्थानिक स्वराज्य संस्थांत तुमच्यासाठी निम्म्या जागा आहेत. अर्जावर, हिशेबावर आणि पुढे ठरावांवर सही तुमची असते. न वाचता सही करू नका, मग कागद पतीने आणलेला असो की दिराने.

निकालानंतरचे तीन दिवस

सर्वांत वाईट निर्णय याच काळात होतात : रागाने खेळ सोडणे, विरोधकाच्या दारात जाऊन फटाके फोडणे, रात्री दोन वाजता समूहावर काहीबाही लिहिणे.

- तीन दिवस कोणताही मोठा निर्णय नको. राजीनामा नाही, खेळ सोडणे नाही, जाहीर आरोप नाही.
- नियमभंग झाला असे वाटत असेल तर मुदतीत लेखी तक्रार करा. तक्रारीची जागा कार्यालय आहे, मोबाईल नव्हे.
- जिंकला असाल तर हरलेल्याला स्वतः भेटा. महाविद्यालयात वर्षभर आणि गावात पाच वर्षे त्याच्याबरोबर काम करायचे आहे.
- झोप उडणे, जेवण तुटणे, माणसे टाळणे, ‘जगून काय उपयोग’ असे बोलणे दोन आठवडे टिकले तर मदत घ्या. जीव देण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येते.

पालक आणि प्रशिक्षकांनो, तुमच्यासाठी थोडेसे

- सामन्यानंतर पहिला प्रश्न ‘किती गुण?’ ऐवजी ‘लागलं तर नाही ना?’ असा विचारा.
- ‘आपल्या घराण्याची इज्जत’ एकवीस वर्षांच्या उमेदवाराच्या डोक्यावर ठेवू नका.
- मुलगा किंवा मुलगी ‘हे मला नको’ म्हणाली तर आधी ऐकून घ्या. हे वाक्य उच्चारायला तिला किती दिवस लागले असतील, याचा विचार करा.

या आठवड्यात एवढे करा

वरच्या तीन निर्णयांचे पान लिहा. खेळाडू असाल तर घरातली प्रत्येक गोळी आणि प्रत्येक डबा तपासून घ्या. उमेदवार असाल तर खर्चाची वही आजच्या तारखेपासून सुरू करा. तुमच्या महाविद्यालयात तक्रार निवारण समिती आणि अंतर्गत समितीवर कोण आहे, त्यांची नावे लिहून घ्या.

जिंकण्याची इच्छा असायलाच हवी. ती नसेल तर मैदानात उतरू नये आणि अर्जही भरू नये. पण पदक किंवा पद मिळाल्यावर कोणीही, कधीही हिशेब विचारला तरी तो उघडून दाखवता येईल, अशाच मार्गाने ते मिळवा. त्यासाठी लागणारा ‘नाही’ हा शब्द मोसमाच्या सुरुवातीलाच एकदा मोठ्याने म्हणून पाहा. पुढे तो अनेकदा लागेल, आणि तो म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.